चुन्याच्या एका ढेकळावर अख्खी बेसिक केमिस्ट्री: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते दहावीची पोरं, त्यांना रात्री दहा वाजता शिकवायला बसलेले आईबाबा आणि "आमच्या वेळेला असं नव्हतं" म्हणणारे आजोबा, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. अणू म्हणजे काय, संयुग म्हणजे काय, समीकरण बॅलन्स का करायचं. म्हणून सगळी उत्तरं एकाच वस्तूवर दिलीत, चुना. जिथे त्याने भागत नाही तिथे दुसरं उदाहरण घेतलंय.

चुनाच का? पुस्तकात तर मॅग्नेशियमची फीत असते.

मॅग्नेशियमची फीत किती जणांच्या घरात आहे सांगा. चुना पानाच्या गादीवर मिळतो, हार्डवेअरच्या दुकानात पोत्याने मिळतो. आणि मुख्य म्हणजे चुन्याची स्टोरी गोल फिरते: चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यात पाणी घातलं की विरलेला चुना, तो भिंतीला लावून ठेवला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीच. तीन अभिक्रिया, तीन संयुगं, आणि सुरुवातीला होता तोच कॅल्शियम शेवटपर्यंत तिथेच. त्याचे जोडीदार तेवढे बदलत जातात. शाळेतली निम्मी केमिस्ट्री एवढ्यात येते असं माझं मत आहे, बाकी निम्मी कार्बनची, ती वेगळी कटकट.

अणू आणि रेणू यात नेमका फरक काय?

मूलद्रव्याचा सगळ्यात छोटा कण, ज्यात त्या मूलद्रव्याची ओळख शिल्लक असते, तो अणू. कॅल्शियमचं घ्या, केंद्रकात २० प्रोटॉन, बहुतेक अणूंमध्ये २० न्यूट्रॉन आणि बाहेर २० इलेक्ट्रॉन. यातले न्यूट्रॉन कमीजास्त झाले तरी तो कॅल्शियमच राहतो (त्याला आयसोटोप म्हणतात), इलेक्ट्रॉन गेले तरी कॅल्शियमच, फक्त आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू) झाला. पण प्रोटॉन १९ असले की तो पोटॅशियम. एवढी एक गोष्ट पक्की धरून ठेवा, ओळख प्रोटॉन ठरवतात. साइझचा अंदाज हवा असेल तर कॅल्शियमचे साधारण २५ लाख अणू एका रांगेत लावले तर कुठे १ मिलिमीटर होईल.

रेणू म्हणजे दोन किंवा जास्त अणू एकमेकांना धरून सुटसुटीत एक गट बनवतात तो, जसं कार्बन डायऑक्साइड, एक कार्बन दोन ऑक्सिजन, असे गट हवेत मोकळे फिरतात. आता इथे एक गोष्ट पुस्तकं घाईत उरकतात. कळीच्या चुन्यात म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडमध्ये असे सुटे रेणू नसतातच! तिथे कॅल्शियमचे आणि ऑक्सिजनचे आयन एकाआड एक, सगळ्या दिशांना, एक अखंड जाळी करून बसलेले असतात. 'सीएओ' हे त्या जाळीतलं प्रमाण आहे, एकास एक. त्यामुळे "चुन्याचा एक रेणू दाखवा" म्हटलं तर दाखवता येणार नाही.

कॅल्शियम जर धातू आहे तर चुना चमकत का नाही?

कारण चुन्यात कॅल्शियम धातू नाहीये, कॅल्शियमचं संयुग आहे. शुद्ध कॅल्शियम चंदेरी दिसतो, चाकूने जोर लावून कापता येतो आणि पाण्यात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडतो. ऑक्सिजन हा वायू, आपण श्वासातून घेतो. दोघं जोडले गेले की पांढरी, अंगाला चरचरणारी, २,५०० अंशांच्याही वर वितळणारी वस्तू तयार होते जिचं दोघांशीही काही साम्य नाही.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला बरं का. चुना हजारो वर्षं वापरात होता पण १७८९ मध्ये फ्रान्सच्या लव्हॉयझिएने मूलद्रव्यांची यादी केली त्यात चुना मूलद्रव्य म्हणूनच टाकला होता, कारण तेव्हा तो कुणाला फोडताच येत नव्हता. त्याला स्वतःला शंका होती की चुना हे कुठल्यातरी धातूचं ऑक्साइड असावं. शेवटी १८०८ मध्ये इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने विजेचा वापर करून त्यातून कॅल्शियम वेगळा काढला. म्हणजे आपल्याकडे पेशवाईची शेवटची वर्षं चालू होती तेव्हा.

मिश्रण की संयुग, कसं ओळखायचं?

प्रमाण बघा. गवंडी चुन्यात वाळू किती घालतो? एकास दोन, एकास तीन, त्याच्या मनावर आणि मालकाच्या बजेटवर. हे मिश्रण. पण कॅल्शियम ऑक्साइड जगात कुठलंही घ्या, भट्टीतलं, लॅबमधलं, शिंपल्या भाजून केलेलं (कोकणात आणि गोव्यात असा चुना करायचे), वजनाने ५ भाग कॅल्शियम आणि २ भाग ऑक्सिजन, यात बदल नाही. हे संयुग. चाळून, गाळून, चुंबक फिरवून संयुगातून घटक वेगळे होत नाहीत, त्यासाठी अभिक्रियाच करावी लागते.

व्हॅलन्सी पाठ करावीच लागते का?

थोडी करावी लागते, खोटं कशाला बोला. व्हॅलन्सी म्हणजे जोडी जमवताना अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा. पण पहिली २० मूलद्रव्यं इलेक्ट्रॉनच्या मांडणीवरून काढता येतात. कॅल्शियम: २, ८, ८, २. शेवटच्या कक्षेतले दोन तो देऊन टाकतो, व्हॅलन्सी दोन. ऑक्सिजन: २, ६. दोन घेतो, व्हॅलन्सी दोन. दोघांचं एकास एक जमलं, सीएओ. हायड्रॉक्साइडची एक, म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्साइड लागतात. क्लोराइडचंही तसंच, कॅल्शियम क्लोराइडमध्ये दोन क्लोरिन. कार्बोनेटची दोन, परत एकास एक.

जे गट आहेत ना, कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, हायड्रॉक्साइड, फॉस्फेट, हे मात्र सरळ पाठ करा. पंधरावीस मिनिटांचं काम आहे आणि आयुष्यभर डोकं खात नाही.

"अणूला इलेक्ट्रॉन देऊन आनंद होतो" असं क्लासमध्ये सांगतात ते लक्षात ठेवायला ठीक आहे पण तसं काही नसतं. कॅल्शियममधून दोन इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्च होते, भरपूर. पण नंतर प्लस आणि मायनस आयन जवळ येऊन जाळी बनते तेव्हा त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते, म्हणून एकूण सौदा फायद्यात जातो.

भट्टीत चुनखडी भाजतात तेव्हा नक्की होतं काय?

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड. एका पदार्थाचे दोन झाले म्हणून ही अपघटन अभिक्रिया, आणि बाहेरून सतत उष्णता द्यावी लागते म्हणून उष्माग्राही. तापमान साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतं. भट्टीला वरून तोंड उघडं ठेवतात त्यालाही कारण आहे, कार्बन डायऑक्साइड तिथेच कोंडून राहिला तर तो परत चुन्याला चिकटतो आणि काम पुढे सरकत नाही. अभिक्रिया उलटही जाते, हे दहावीत एका ओळीत येतं पण भट्टीवाल्याला ते रोज सांभाळावं लागतं.

भाजलेला खडा हातात घेतला (कोरड्या हाताने, घाम असेल तर नको) तर गंमत कळते, आकार जवळपास तेवढाच पण वजनाला एकदम हलका. दगडातून गॅस निघून गेला आणि आत बारीक बारीक पोकळ्या राहिल्या. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो. उरलेले ४४ किलो हवेत.

मग ४४ किलो नाहीसे झाले ना? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम कुठे गेला?

नाहीसे कुठे झाले, धुराड्यातून गेले. तो गॅस पकडून तोलला तर ५६ + ४४ = १०० बरोबर येतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात नेमकं हेच धरलं, खनिज भाजल्यावर वजन घटतं ते त्यात अडकलेली एक वेगळीच 'हवा' निघून जाते म्हणून, आणि तीच हवा आपण श्वासातून सोडतो. तोपर्यंत वायूला वजन असतं हे हिशोबात धरायची फारशी पद्धतच नव्हती.

सिमेंटचा प्रश्नही हाच आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजावीच लागते, चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या बाजूला एवढे कारखाने आहेत ते तिथल्या चुनखडीमुळेच. समजा उद्या सगळ्या भट्ट्या सोलरवर चालवल्या तरी दगडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड निघणारच, कारण तो इंधनाचा नाहीच.

पाणी टाकल्यावर चुना उकळतो, पण खाली गॅस तर नसतो?

कळीचा चुना आणि पाणी मिळून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, दोन पदार्थांचा एक झाला म्हणून संयोग अभिक्रिया, आणि यात उष्णता बाहेर पडते म्हणून उष्मादायी. किती? ५६ ग्रॅम चुन्यामागे साधारण ६५ किलोज्यूल. ऐकायला काही वाटत नाही, पण १ किलो चुन्याची सगळी उष्णता वापरता आली तर तीनेक लिटर साधं पाणी उकळीला येईल!

बघायला भारी प्रकार आहे. ढेकूळ आधी पाणी शोषतं, थोडा वेळ काहीच होत नाही, मग चर्र आवाज यायला लागतो, तडे जातात, वाफ निघते आणि दगडासारखी कडक वस्तू फुलून फुलून पिठासारखी मऊ होते. यालाच चुना विरणं म्हणतात. पूर्वी घरं रंगवायची तेव्हा लोखंडी पिंपात चुना भिजत घालायचे आणि पोरांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत, ते बरोबरच होतं. पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडाथोडा सोडायचा, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतलं तर गरम चिखल तोंडावर उडतो.

आणि हे सिरियसली वाचा. चुना डोळ्यात गेला, पानाची चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोराच्या हातात फुटून सुद्धा, तर डोळा चोळायचा नाही, लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरायचा, किमान १५-२० मिनिटं, पापणी उघडून कण दिसतील ते धुऊन काढायचे, आणि तिथून सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे. ॲसिड आणि अल्कली (ॲसिडच्या उलट स्वभावाचा पदार्थ, चुना त्यातलाच) एकमेकांना मारतात म्हणून लिंबू पिळणारे महाभाग असतात, ते अजिबात करू नका. अल्कली डोळ्यात आत आत जात राहते, नजर जाऊ शकते.

हा केमिकल चेंज की फिजिकल? परत मिळवता येत असेल तर फिजिकल ना?

ही 'परत मिळतं का' वाली टेस्ट मला अजिबात आवडत नाही. चुन्याचं चक्र पूर्ण गोल फिरतं, चुनखडी परत मिळते, तरी प्रत्येक पायरी केमिकलच आहे. उलट लाकडाचा भुसा केला तर परत लाकूड होत नाही, पण तो फिजिकल चेंज. विचारायचं एवढंच, अणूंच्या जोड्या बदलल्या का, नवा पदार्थ तयार झाला का? साखर पाण्यात विरघळली तरी साखरच आहे, चव घ्या. चुना विरला तेव्हा मात्र ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड झालं.

चुन्याची निवळी दुधाळ का होते, आणि जास्त फुंकलं की परत स्वच्छ का होते?

चुना पाण्यात फारच कमी विरघळतो, १ लिटरमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. चमचाभर विरलेला चुना बाटलीभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी ही निवळी. त्यात कार्बन डायऑक्साइड गेला की कॅल्शियम कार्बोनेट बनतं, ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक पांढरे कण तरंगतात म्हणून दुधाळ. घरी करताना स्ट्रॉने फुंकण्यापेक्षा बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून निघालेला गॅस नळीने सोडा, कारण फुंकता फुंकता पोरं हमखास ओढतात आणि निवळी तोंडात जाणं काही बरं नाही.

गॅस सोडत राहिलात तर दूध परत पाणी होतं. जादाचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि कार्बोनेट मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. प्रश्नपत्रिकेत हे दोन मार्कांना असतं पण तुमच्या गीझरमध्ये ते फुकट चालू असतं, फक्त उलट्या दिशेने. बोअरच्या पाण्यात हेच बायकार्बोनेट असतं, तापवलं की गॅस निघून जातो आणि कॉइलवर पांढरं कवच चढतं. तोच कार्बोनेट. म्हणून व्हिनेगरने निघतो.

समीकरण बॅलन्स करायची सोपी ट्रिक सांगा ना!

ट्रिक वगैरे नाही, मोजणी आहे. अंड्याच्या कवचावर (ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं) हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं असं समजा. आधी नावं लिहा: कॅल्शियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक ॲसिड → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड. मग सूत्रं: सीएसीओथ्री + एचसीएल → सीएसीएलटू + एचटूओ + सीओटू. आता मोजा. कॅल्शियम इकडे १ तिकडे १. कार्बन १-१. ऑक्सिजन ३, आणि तिकडे १ + २ = ३. क्लोरिन इकडे १, तिकडे २, अडलं. हायड्रोजन पण १ आणि २. एचसीएलच्या आधी २ लिहिला की दोन्ही एकदम सुटले, झालं.

सूत्राच्या पोटातला आकडा बदलायचा नाही, कधीच नाही. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एचटूओचं एचटूओटू केलंत तर तुम्ही पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिलंत, म्हणजे पदार्थच बदलला. फक्त पुढचा आकडा आपल्या हातात.

निवळीचं समीकरण स्वतः मोजून बघा: सीए(ओएच)टू + सीओटू → सीएसीओथ्री + एचटूओ. आधीच बॅलन्स आहे, काही करावं लागत नाही. परीक्षेत असं आलं की पोरं घाबरून उगाच कुठेतरी २ लावून येतात.

मोल कशासाठी? आणि चुना खाल्ला तर कॅल्शियम मिळतं हे खरं का?

दोन्हीचं उत्तर एका गोळीच्या पाकिटावर आहे. घरात आजीच्या कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर मागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच गोळ्यांवर लिहिलेलं असतं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. हे कुठून आलं? कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ तीन वेळा म्हणजे ४८, बेरीज १००. शंभरात ४० कॅल्शियम. १२५० चे ४० टक्के काढा, ५०० येतात. म्हणजे गोळीतला औषधी माल बघितला तर तो चुनखडीचाच भाऊ.

मोल म्हणजे हेच आकडे ग्रॅममध्ये घेणं. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे १ मोल, त्यात सूत्राएवढे गट ६.०२२ × १०^२३. अणू एकेक मोजता येत नाहीत म्हणून तराजूने मोजायची ही सोय.

आता व्हॉट्सॲपवरचं "रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा". चुन्यात कॅल्शियम आहे, त्यात खोटं काही नाही. पण पानाचा चुना हा हायड्रॉक्साइड आहे, कार्बोनेट नाही, जोरदार अल्कली आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकतो, आणि पुडीतला माल औषधाच्या शुद्धतेचा आहे की भिंतीच्या हे कोण बघतंय? डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या.

हळदीत चुना घातला की लाल का होतं?

हळदीतला कर्क्युमिन नावाचा रंग अल्कलीत लाल होतो, म्हणून हळदीपासून कुंकू करता येतं. आमटीचा पिवळा डाग साबण लावल्यावर लाल होतो तोही तसाच. लिंबू पिळा, परत पिवळा. फुकटचा इंडिकेटर आहे, लिटमस शोधत बसू नका. आम्लाला चुन्याने मारायचं हे काम गुऱ्हाळातही चालतं, उसाचा रस थोडा आंबट असतो, त्यात चुना घालून आम्लता कमी करतात, मळी काढायला भेंडीचा चिकट रस घालतात तो वेगळा. साखर कारखान्यातही रसात चुना पडतोच.

फळ्याच्या खडूवर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आलेच नाहीत. का?

बरेच खडू आता जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. कॅल्शियम आहे पण कार्बोनेट नाही, मग कार्बन डायऑक्साइड येणार कुठून. अंड्याचं कवच घ्या.

किल्ल्यांवरचं चुन्याचं बांधकाम एवढं टिकतं कसं?

वासोट्यावर आणि इतरही किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचे अवशेष दिसतात, दगडात कोरलेली गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, बैल जुंपून चुना-वाळू घोटायची. घोटल्यामुळे चुना वाळूच्या प्रत्येक कणाला लागतो. मग बांधकामात तो हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू परत दगड होतो. हळूहळू म्हणजे खरंच हळू, बाहेरचा थर आधी, आतला भाग वर्षानुवर्षं. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असलं काय काय त्यात घालायचे. घरच्या भिंतीला चुना लावल्यावर पहिल्या दिवशी रंग मळकट आणि दोनतीन दिवसांनी पांढराशुभ्र दिसतो, तिथेही तेच कार्बोनेट पातळ थरात बनत असतं.

बाथरूमच्या शहाबादी फरशीवर टॉयलेट क्लीनर सांडलं, फेस आला आणि डाग पडला. निघेल का?

शहाबादी हा चुनखडीचाच दगड, क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड. वर अंड्याच्या कवचाचं जे समीकरण बॅलन्स केलं तेच तुमच्या फरशीवर झालं, फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो डाग नाहीये, तिथला दगड खाल्ला गेलाय, त्यामुळे घासून निघणार नाही, पॉलिशवाल्याला बोलावून आजूबाजूचा भाग त्या पातळीला आणावा लागेल. मार्बल आणि काळ्या कडप्प्याचंही तसंच, ग्रॅनाइटला मात्र एवढं होत नाही कारण त्यात कार्बोनेट नसतं. आणि डाग काढायच्या नादात त्यावर ब्लीच ओतू नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, छोट्या बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. आधी भरपूर पाणी मारा, खिडकी उघडा, मग पॉलिशवाल्याला फोन करा.